रिकाम्या पाळण्याला लावलेलं बोट

कोळशाचं ढेकूळ धाडकन खाली आलं आणि झोळीपासून हातभर अंतरावर फुटलं. झोळीत तुळसाचं लेकरू होतं. ते दचकून रडायला लागलं आणि त्याचं रडणं ऐकून माझ्या जिवात जीव आला. तुळसा हातातली टोपली फेकून धावली, पोराला तिनं छातीशी धरलं आणि वर बघून यंत्राला अशी शिवी हासडली, की आमचा फोरमनसुद्धा लाजला.

ही गोष्ट घुग्घुसच्या बाजूच्या एका कोळसा खाणीवरची, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी तिथं वेल्फेअर ऑफिसर होतो. म्हणजे कामगारांचं पाणी, घरं, दुखणीखुपणी आणि भांडणं बघणारा पगारी काका. मी चौगुले, कोल्हापूरकडचा. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, पहिल्याच उन्हाळ्यानं माझा सगळा ताठा उतरवला होता.

त्या यंत्राला स्क्रीन म्हणत. स्क्रीन म्हणजे कोळशाची अवाढव्य चाळणी. वाफेचं इंजिन तारदोरानं टब वर ओढायचं. टब म्हणजे कोळशाच्या लहान लोखंडी गाड्या. त्या चाळणीवर उलट्या केल्या की भुकटी खाली पडायची, ढेकळं पुढं सरकायची आणि बाया त्यातला दगड वेचायच्या. पूर्वी बायाही खाली खाणीत उतरत. कायद्यानं ते बंद केलं. कायद्यानं असंही बजावलं, की बाया जिथं कामाला असतील तिथं त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर पाहिजे. इंग्लंडात एके काळी चिमुरडी पोरंच खाणीत गाड्या ओढायची. ते पाहून कुणाच्या तरी पोटात तुटलं, कायदे झाले, आणि तो विचार फिरत फिरत आमच्या या जंगलाच्या कडेला येऊन पोचला. मला तर तो वाफेच्या इंजिनापेक्षा तसूभरही लहान शोध वाटत नाही.

पाळणाघर आमच्याकडे होतं. झकास होतं. चुना मारलेल्या भिंती, वर कौलं, नागपूरहून आणलेले लोखंडी पाळणे, ताजं दूध, आणि अनसाबाई नावाची मायाळू आया. नव्हती ती फक्त लेकरं! उद्घाटन झालं त्या दिवसापासून एकही बाई तिकडं फिरकली नव्हती. झोळ्या सगळ्या स्क्रीनच्या खांबांना. तिथं सावली होती आणि लेकरू नजरेसमोर राहायचं.

ढेकूळ पडल्याचं कळताच मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. पांढरीपांडे त्यांचं आडनाव. नागपूरचा माणूस, देहानं दांडगा, तोंडानं फटकळ.

"चौगुले, उद्यापासून स्क्रीनखाली लेकरू दिसलं तर त्या बाईचं काम बंद. एखादं मेलं तर त्याच्या मायले काय तोंड दाखवू मी?"

"साहेब, तुळसाचा नवरा हिवतापानं अंथरुणाला खिळलाय. तिचं काम गेलं तर घरात चूल पेटणार नाही."

"मंग तिले सांगा न, पाळण्यात टाक म्हणून! इतका चांगला पाळणा काऊन नाई पाहिजे?"

काऊन, ते मलाही कळत नव्हतं. आधी वाटलं, लांब पडत असेल. पण स्क्रीनवरून हाक मारली तरी ऐकू जाईल एवढंच अंतर. मग वाटलं, दुधाचा संशय असेल. मी बायांसमोर पेलाभर दूध पिऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, "प्या जी, तब्येत सुदरन तुमची." आणि हसत कामाला लागल्या.

शेवटी नळावर पाणी भरणाऱ्या तुळसालाच गाठलं.

"तुळसाबाई, काम जाईल हो तुमचं."

"जाऊ द्या. लेकरापेक्षा काम मोठं हाय का?"

"अहो, पण धोका स्क्रीनखाली आहे! पाळणाघरात कसला धोका?"

तिनं घागर खाली ठेवली. "तुमच्या त्या मोठ्या साहेबानं रिकामे पाळणे हालवले न जी. साऱ्यायच्या समोर. अन् तुमी टाळ्या पिटून राह्यले होते!"

हात्तिच्या! डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. उद्घाटनाला एजंट आले होते. एजंट म्हणजे मालकाच्या वतीनं सगळ्या खाणी बघणारा बडा साहेब. मोठा हौशी माणूस, पण परमुलखातला. त्यांनी फीत कापली आणि लाडात येऊन एकेका पाळण्याला बोटानं झोका दिला. ओळीनं सगळे पाळणे रिकामेच हलत राहिले. रिकामा पाळणा हलवू नये, लेकराला बाधतं, हे माझी आईसुद्धा सांगायची. बायांचे चेहरे त्या दिवशी एकदम उतरले होते. आम्हाला वाटलं, उन्हानं.

"पाळणे धुऊन घेऊ, नारळ फोडू," मी म्हटलं.

"फोडा नारळ. माझं लेकरू त्यात नाई टाकत."

आता साहेब आपल्याला खुळ्यात काढणार, असं समजून मी घाबरत घाबरत सांगितलं. पांढरीपांडेंनी खुंटीवरची टोपी काढली.

"माझ्या मायनंही नसतं टाकलं," एवढंच म्हणाले आणि टोपी घालून वर्कशॉपकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोखंडी पाळणे बाहेर, गोदामाच्या भिंतीला टेकले. पाळणाघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टब ज्यांवरून धावतात ते ट्रामचे जुने रूळ आडवे बसले आणि रुळांना आकडे लागले. तेसुद्धा टबांचे आकडे. एक टब दुसऱ्याला जोडायला जो लोखंडी आकडा असतो तो. मग जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी बायांना बोलावलं.

"हा आकडा वळखता का?"

"टबाचा हाय जी," तुळसा म्हणाली.

"कधी तुटताना पाह्यला?"

"नाई बाप्पा."

"झोळी तुमची, लुगडं तुमचं, गाठ तुमच्या हातची. आकडा तेवढा माझा. कोणी त्याले झोका दिला नाई, माझी शपथ."

बाया जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा खाणीचा मॅनेजर, ज्याच्या पुढं ठेकेदार चळचळा कापायचे, तो बूट काढून स्टुलावर चढला, दोन्ही हातांनी आकडा धरला आणि पाय उचलून लोंबकळला! तोंड लालबुंद, सदरा पोटावरून वर सरकलेला. बायांनी पदर तोंडाला लावले. तुळसाला हसू आवरेना.

"उतरा जी साहेब, कौलं पडतीन!"

साहेब घाम पुसत उतरले. तुळसा पुढं आली. कमरेला खोचलेलं झोळीचं जुनं लुगडं सोडून तिनं आकड्याला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. आधी लेकरू आत ठेवलं, मगच झोका दिला. ते झोपलं. तिच्या मागून बाकीच्या आल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कोळशाच्या धुळीवर ढकललं.

पुढं खाणीचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी विचारलं, "पाळणे कुठे आहेत?"

"गोदामाला टेकून उभे आहेत," साहेब म्हणाले. "लेकरं इथी आहेत."

इन्स्पेक्टर हसले. दाराजवळची एक झोळी रिकामी होती, तुळसा आपल्या लेकराला बाजूला पाजत बसली होती. पाहुण्यांनी कौतुकानं बोट पुढं केलं.

"हात लावू नोका!" साऱ्या बाया एकदम ओरडल्या. त्यांच्याही आधी पांढरीपांडेंनी पाहुण्याचं मनगट धरलं होतं.

तुळसानं लेकराचं तोंड पुसलं, त्याला झोळीत ठेवलं आणि इन्स्पेक्टरकडे बघून म्हणाली, "आता द्या जी झोका."

त्यांनी दिला. पाळणाघर मंजूर झालं. कायदा दिल्लीत होतो, चांगलाच होतो, पण त्याचा आकडा ज्याचा त्याला आपल्या छताला ठोकावा लागतो. आणि ठोकल्यावर एकदा स्वतः लोंबकळून बघावं.