भोंग्यावरून वाटलेल्या बकऱ्या

हसणार नाही असं आधी कबूल करा, मंगच सांगते. अन् चहा पेत राहा, कारण मी एकदा बोलाले लागली का थांबत नाही. थांबत नाही म्हणूनच तं हा सगळा घोळ झाला ना!

घाटंजीजवळ आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटरवर बसते. दाखले काढणं, अर्ज भरणं, अन् सकाळी भोंग्यावरून नळाची येळ सांगणं हे माहं काम. वय चौतीस, पोरं दोन. अन् नाद कायचा? मोबाईलवरच्या गेमचा! पोराईच्या हातून मोबाईल हिसकता हिसकता मलेच लागला. पोरं सुटली, मी अडकली.

बरं, नुसतं खेळून थांबली असती तं ठीक होतं. मी चॅनलही काढलं! नवा गेम आला का त्याच्यावर आपल्या वऱ्हाडीत बोलते. पाहणारे सतरा जण. त्यात माहा भाऊच दोन नावानं हाय.

तं गेल्या हिवाळ्यात तो मोठा कार्यक्रम होता. तिकडं परदेशात वर्षातल्या चांगल्या गेमाईले बक्षिसं वाटतात, अन् पुढं येणाऱ्या नव्या गेमाईच्या घोषणा करतात. त्याईची रात्र असते तवा आपल्याकडे सकाळचे सहा वाजते. मी ठरवलं, कार्यक्रम पाहत पाहत लाइव्ह बोलाचं. घरी नेट म्हणजे आलं तं आलं. ग्रामपंचायतीत मातर सुसाट!

पण आमच्या सरपंच सुनंदाताई कडक बाई. एकदा त्याईनं मले हापिसात गेम खेळताना पकडलंतं. तवाच म्हणाल्या, "रंजना, आणखी एक तक्रार आली ना, का चाबी टेबलावर ठेवाची अन् घरी जायाचं." माही नोकरी करारावरची. ह्या नोकरीवर पोराईची शाळा, अन् खरं सांगू, घरातला माहा वटही. गेली तं काय तोंड दाखवाचं?

तरीबी मी हापिसात गेली. नाद वाईट ना बापा!

सासूबाईले सांगितलं, "आत्याबाई, आज नळाचं लवकर सांगाचं हाय." हापिसात आली, भोंग्याची मशीन चालू केली, माईक हातात घेतला. "गावकऱ्याईनं ध्यान द्या, आज नळ साडेसातले येईन." मंग थंडी म्हणून दार लावलं, कानाले हेडफोन लावला, मोबाईल समोर उभा केला अन् झाली सुरू.

आता तुम्ही म्हणसान, माईकचं बटन बंद केलं का? केलं असतं तं मी हे सांगत कायले बसली असती?

पहिलं बक्षीस एका अशा गेमले भेटलं, का चित्रं पाहाले झकास, पण त्याच्यातला माणूस दोन पावलं चालला का अडखळून पडते. मी खवळली. "अरे ह्याले कायचं बक्षीस? सगळी सेटिंग हाय! वरून नुसता रंग मारला न बाई! आत जाऊन पाहा, धड चालताही येत नाही!"

टाकीवरचे चार भोंगे हे साऱ्या गावाले ऐकवत होते. अन् सुनंदाताईनं पंधरा दिवसाआधीच अंगणवाडीले रंग मारलाता, त्याच्यासाठी तालुक्याले सत्कारही झालता.

मले कुठं पत्ता? मी आपली रंगात. तेवढ्यात घोषणा झाली शेतीच्या गेमची. आजपासूनच चालू! अन् फुकट! मी खुर्चीवरून उठलीच. "अवं माय! आयका हो आयका! नवी घोषणा झाली! आज दुपारी बारापर्यंत नाव टाका, घर फुकट! दोन एकर वावर फुकट! इहीर फुकट! अन् दहा बकऱ्या! दहा! एकाच ठिकाणाहून कितीबी शेजाऱ्याईची नावं टाकता येते! अरे झोपले काय? उठा, नावं टाका!"

चॅनलवरचे सतरा जण उठले का नाही माहीत नाही. गाव मातर उठलं.

पाच-दहा मिनिटानं हेडफोनमधे घुसन इतका आवाज याले लागला. म्हणलं, माकडं आली का काय? दार उघडलं. अन् पाह्यते तं काय!

हापिसपासून थेट पारापर्यंत रांग! कोणाच्या हातात आधारची झेरॉक्स, कोणाच्या हातात राशन कार्ड, कोणी अर्धी दाढी साबणाची तशीच. अन् रांगेत पहिला नंबर कोणाचा? माह्या सासूबाईचा! शाल गुंडाळून, पासबुक छातीशी धरून.

"आत्याबाई, तुम्ही काहून आल्या?"

"मी सासू म्हणून नाही आली. लाभार्थी म्हणून आली. घर माह्याच नावानं टाकजो, तुह्या नवऱ्याच्या नको!"

मांगून तांड्यावरचे गोविंदभाऊ वरडले, "रंजनाबाई, बकऱ्या उस्मानाबादी हायेत का बेरारी?"

तवा माह्या डोक्यात लखकन उजेड पडला. वळून पाह्यलं तं मशीनचा लाल दिवा सुरूच! पळत जाऊन आधी बटन बंद केलं.

"अवं भाऊ, ते खरं नाही. ते मोबाईलमधलं हाय!"

"मंग?" गोविंदभाऊ म्हणाले. "आता सगळं मोबाईलमधेच येते. पैसे मोबाईलमधे, सातबारा मोबाईलमधे. बकऱ्याईचा मेसेज आला का सांगजो, आम्ही घ्याले येऊ."

आता ह्याले काय उत्तर द्यान तुम्ही?

तेवढ्यात स्कुटीचा हॉर्न. सुनंदाताई! रांग बाजूले झाली. बाई सरळ माह्यासमोर.

"काय वं रंजना? भोंग्यावरून माही इज्जत काढतं? सेटिंग? नुसता रंग? धड चालता येत नाही?"

मी हात जोडले. म्हणलं, आता लपवून फायदा नाही, चाबी जाणार ते जाणार. सगळं सांगितलं. गेम, चॅनल, परदेशातलं बक्षीस, हापिसचं नेट, माईकचं बटन. चाबी काढून त्याईच्या हातात द्याले गेली. "ताई, मी अंगणवाडीचं एक अक्षर बोलली नाही. तो गेमातला माणूस अडखळून पडते, त्याच्यावर बोलली."

सुनंदाताईनं भुवया चढवल्या. "म्हणजे आतली फरशी फुटली हाय, हे तुले माहीत नव्हतं?"

"कोणती फरशी?"

साऱ्या रांगेनं कान टवकारले! अन् मंग मांगून एक बाई म्हणे, "बरं झालं सांगतलं, माहं पोरगं रोज पडून येते!"

सुनंदाताईचा चेहरा पाहासारखा झालता. चाबी त्याईनं माह्याच मुठीत कोंबली, अन् हळूच म्हणाल्या, "फरशी आठ दिवसात बसते. तू आता भोंग्यावर नळाच्या येळेबिगर एकही शब्द बोलू नको. अन् ही रांग तुही तूच आवर."

नोकरी वाचली! मी मोठ्या आवाजात सांगितलं, "भाऊहो, बाईहो, हा खेळ हाय. लेकराईचा खेळ! घर नाही, बकऱ्या नाही. माफ करा अन् घरी जा!"

कोणी हसलं, कोणी मले दोन सुनावल्या. अर्धी रांग पांगली. शेवंतामावशी मातर जागची हलली नाही. एकटी बाई, कुडाच्या घरात राहते.

"रंजना, घरकुलाच्या यादीत माहं नाव तीन खेपा आलं अन् तीन खेपा कटलं. ह्या यादीतून कटते का?"

"नाही मावशी. ह्याच्यातून कोणी काटत नाही."

"मंग टाक माहं नाव. खोटं का असेना, पाहाले तं भेटन."

मले हसू येऊन राह्यलंतं, ते तिथंच थांबलं. मी खुर्चीवर बसली अन् मावशीचं नाव टाकलं. पडद्यावर लाल कौलाचं घर उगवलं, दारात दहा बकऱ्या. मावशीनं पदरानं काच पुसली अन् म्हणाली, "खिडकी पूर्वेले हाय. चांगली हाय."

बस! हे पाहून पांगलेलेही माघारी आले. "माहं टाक!" "माहं इहिरीजवळ!" "मले ह्याच्या शेजारी नको, मेल्याचा कुत्रा चावते!" बारा वाजेपर्यंत मी त्रेसष्ट घरं वसवली, अन् वर एक माहंही. सासूबाईनं तं रस्त्याकडचं कोपऱ्याचं वावर घेतलं, अन् शेजाऱ्याचा बांध सरकवता येते का तेही विचारलं.

मले वाटलं, मिटलं. कायचं मिटते?

दुसऱ्या दिवशी हापिस उघडलं तं गोविंदभाऊ हजर. "बाई, माह्या बकऱ्याईले चारा टाकला का?" त्याच्या मांगं शेवंतामावशी, तिच्या मांगं आणखी सात. आता रोजचं झालं हे! नळाची येळ सांगाची, अन् मंग डबा खाच्या सुट्टीत त्रेसष्ट घरच्या सहाशे तीस बकऱ्याईले चारा-पाणी. चॅनल बंद पडलं. बोलाले येळच कुठं हाय?

अन् ह्या भानगडीत एक गोष्ट राहूनच गेली. माह्या स्वतःच्या बकऱ्या! आठ दिवस त्याईले काडी टाकली नाही. त्या गेमात असं हाय, का उपाशी बकऱ्या सोडून जातात, अन् ज्याच्या वावरात चारा असन त्याच्या होतात. माह्या दहाच्या दहा गेल्या. कुठं? रस्त्याकडच्या कोपऱ्याच्या वावरात!

घरी आली, सासूबाईच्या पाया पडली. "आत्याबाई, माह्या बकऱ्या वापस द्या ना."

बुढीनं पानाची चंची बंद केली. "ज्याले सांभाळता येत नाही त्याले देत नसते. पण तू घरचीच हायेस, नाही कशाले म्हणू? उद्यापासून माह्याकडं बकऱ्या चाराले ठेवते तुले."

तं आता मी रोज सासूबाईच्या वावरात माह्याच बकऱ्या चारून राह्यली. अन् कालच म्हणत होत्या, कामात बरी हाय, पण बोलते लई!