भीमेच्या डोहावर साहेबाची छडी

मंद्रूपला बैलगाडीतून उतरलो तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती. नाकातोंडात धूळ, डोक्यावर ऊन आणि खांद्यावर साहेबाची मासे धरायची लांबलचक छडी! बाजारचा दिवस होता. जो तो मला न्याहाळत होता. कुठून ही अवदसा आठवली, असं झालं.

होटगी जंक्शनात मी तारमास्तर. वर्षानुवर्षं तारेचं यंत्र बडवून उजवा हात असा बिघडला, की यंत्रावर ठेवताच बोटं वळायची आणि तार अर्धीच राहायची. शेवटी रजेवर धाडलं. हात सुधारला नाही तर नोकरी जाणार होती. विलायतेला परतणाऱ्या एका इंजिनियरसाहेबानं ही छडी दिली. "हात मोकळा होईल, डोकंही शांत होईल," म्हणाला. छडी थंड मुलखातल्या ट्राऊट माशासाठीची. गळाला आमिष नाही, कोंबड्याची पिसं नि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन नसतं, म्हणून रेशमी दोरीच हवेत मागंपुढं झुलवायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. भीमेत कसला आलाय ट्राऊट! पण हात हलवायला कुठलीही नदी चालते.

मंद्रूपहून नदीपर्यंत पायपीट. उन्हाळ्यानं भीमा डोहाडोहांतच उरली होती. काठावर निंगाप्पा नावाचा म्हातारा धनगर मेंढरांना पाणी पाजत होता.

"काय मास्तर, वाऱ्याला चाबूक मारताय व्हय?"

मी नेटानं छडी उचलली. दोरी मागं झुलवली, ती अडकलीच.

"आवं, मेंढरू हाय त्ये! मासा तिकडं, नीरुत, पाण्यात!"

लोकरीतून माशी सोडवताना तो इतका हसला, की मलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी हसलो. मग त्यानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. झाडाखाली बसून दोघं जेवलो.

उन्हं कलली तशी दोरी जरा सरळ पडू लागली. आणि एकदम हिसका! छडी वाकली. आता बोटं वळणार! पण नाही वळली. वीतभर रुपेरी मासा काठावर आला.

"गावला की! लई ब्येस!" निंगाप्पा ओरडला. आमच्या घरात मासा चालत नाही, म्हणून तो त्यालाच दिला.

दुसऱ्या दिवशी शहरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी पोचलो. बायकोनं दारातच विचारलं, "अहो, हात काय म्हणतोय?"

"अगं, बरा झाला!" मी पाटाच्या कडेवर तारेची टकटक करून दाखवू लागलो. दोन ठोके पडले आणि बोटं वळली. भरलेला तांब्या उचलून पाहिला, सहज उचलला. पुन्हा टकटक केली, पुन्हा वळली.

"म्हणजे नोकरी..." ती पाटाजवळ खाली बसली.

मी इतका थकलो होतो, की खोटा धीर द्यायचंही त्राण नव्हतं. "हाताला ते काम नकोय गं. मलाही नकोय. कधीचंच नकोय."

"मग सांगायचं होतंत की," ती म्हणाली, आणि माझी वळलेली बोटं एकेक करून सरळ करू लागली.