साळुंकी कशी बोलते

थंडीत बाजरीची भाकरी तव्यावरून उतरली की तिच्या वासाबरोबर मला, लहानपणी आम्ही राहायचो त्या नवागामजवळची एक बाग आठवते. माझे वडील, नाना, कापड विणायच्या लूमवर कामाला होते. सुट्टीच्या सकाळी ते मला त्या बागेत नेत आणि पाखरांसाठी शिळ्या भाकरीचा चुरा गवतावर टाकत.

थंडीतल्या अशाच एका सकाळी गवत दवाने ओलं होतं. एक साळुंकी थेट नानांच्या चपलेपर्यंत आली, चुरा टिपला आणि मान वर करून ओरडू लागली. नाना तिच्या चोचीकडे टक लावून पाहत होते.

"बोली राह्यनी का ती?" त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हणाले, "हाव नाना, केवढ्यानं!"

ते हसले नाहीत. "कशी बोलस? करी दखाड."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि साळुंकीसारखी ओरडले. बाकावरच्या एक बाई वळून पाहू लागल्या. नानांनी मान डोलावली आणि उरलेला चुरा माझ्या हातावर ठेवला.

लूमच्या खडखडाटाने कान जातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला तो खेळच वाटला. त्या थंडीत चिमणी, कावळा, पोपट, जे पाखरू येईल ते मी त्यांना ओरडून दाखवत राहिले. नानांना ऐकू येत नाही हे आईला पुष्कळ पुढे कळलं. आता वाटतं, घरात सगळ्यांच्या आधी त्यांनी ते मलाच सांगितलं होतं.