फातमाखालाचा डबा आणि माझे मामूल

महाडच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. बाबांकडे माझी बॅग, अम्माकडे पाण्याची बाटली आणि शेजारच्या फातमाखालाकडे तिचा पत्र्याचा डबा. डब्यात नानखटाई होती, आदल्याच दिवशी युसूफचाचाच्या भट्टीत भाजून आणलेली. मुंबईची गाडी लागली, मी खिडकीपाशी बसलो आणि खालाने डबा खिडकीतून आत सरकवला. "तिकडं जाऊन उपाशी मरू नको, नि माजू पण नको," ती म्हणाली. अम्मा रडत होती. गाडी हलताना तिने एवढंच सांगितलं, "डबा खालाचा हाय. रिकामा आणू नको रे."

आमच्याकडे कुणाचं ताट, वाटी, डबा घरात आला की तो रिकामा परत जात नाही. निदान साखरेची चिमूट तरी घालतात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे पोटासाठी परदेशी गेले आहेत त्यांनाही हे आईने असंच ओरडून शिकवलं असेल. मी डबा मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत गेलो आणि तिथून शारजाला. नानखटाई आठवडाभरात संपली. डबा मात्र मी पलंगाखाली जपून ठेवला, कारण तो भरून न्यायचा होता.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती ती. बाबा ट्रक चालवायचे, वरंध घाटातून भोरला माल घेऊन जायचे. मी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्टला लागावं असं त्यांना वाटत होतं, पण मोहल्ल्यातली माझ्या वयाची पोरं एकेक करून विमानात बसत होती आणि मलाही तेच हवं होतं. व्हिसा मिळाला तो मिठाईच्या दुकानाचा. मिठाई म्हणजे तिकडची, खजुराची.

खजूर म्हणजे आमच्या घरी रमजानची चीज. महाडच्या बाजारात चटईत बांधून आलेला, दाबून दाबून वीट झालेला काळा खजूर मिळायचा. त्यात काड्या असायच्या, कधी खडाही निघायचा. इफ्तारला प्रत्येकाला एक. उरलेला अम्मा तुपावर परतून, तीळ घालून, ईदच्या करंज्यांत भरायची. आणि शारजाच्या दुकानात पहिल्या दिवशी मला एका खोलीत नेलं तर खजुरांची खोकी छतापर्यंत रचलेली. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, एवढ्यातलं एक खोकं अम्माने बघितलं असतं तर तिने ओढणीने डोळे पुसले असते.

पहिले काही महिने मी नुसत्या बिया काढल्या. मग 'यल्ला यल्ला', म्हणजे चल चल, करत एका इजिप्तवाल्या उस्तादाने मला साच्यावर बसवलं. मामूल नावाचं बिस्कीट असतं तिकडे. तुपात भिजवलेला रवा, आत वेलची घातलेल्या खजुराची गोळी, लाकडी नक्षीच्या साच्यात दाबायची, साचा टेबलावर आपटायचा आणि फूल उमटलेलं बिस्कीट ट्रेमध्ये उलटं पडतं. मग ओव्हन, बटण, घंटी. मामूल वरून पांढराच राहिला पाहिजे, ही त्याची शान. माझा हात बसला. उस्ताद म्हणायचा, हा हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, जन्मतःच साचा घेऊन आलाय. हे मी अम्माला फोनवर सांगितलं आणि तिने ते सबंध मोहल्ल्याला सांगितलं.

पहिल्या सुट्टीला मी रमजानात आलो. बॅगेत खजूर, एक साचा आणि खालाचा रिकामा डबा. ठरवून आलो होतो की ईदला सगळ्यांच्या घरी माझ्या हातचे मामूल जातील. भाव खायचा नव्हता, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. दूर राहून मी परका झालेलो नाही, हे मला त्या ताटांतून सांगायचं होतं. कारण उतरल्या दिवसापासून काहीतरी बिनसलं होतं. इफ्तारला सगळे खाली चटईवर आणि मला खुर्ची. चुलतभाऊ माझ्यासमोर पाय पसरेना. ज्या पोरांनी लहानपणी मला नदीत ढकललं होतं, ती मला 'सलीमशेठ' म्हणायला लागली होती.

आमच्या घरांत ओव्हन कुठला. ईदची नानखटाई सगळे युसूफचाचाच्या भट्टीवर नेतात. सकाळचे पाव निघाले की दुपारी बायका नि पोरं नानखटाई मांडलेले पत्रे घेऊन येतात आणि ओळीने भिंतीकडेला ठेवतात. कुणाचा पत्रा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण. आमच्या नानखटाईवर लवंग, खालाच्या नानखटाईवर चारोळी. आलेल्या क्रमाने पत्रे आत जातात, आणि घाईही कुणी करत नाही, कारण पाव निघाल्यावर भट्टी तापलेली असते, ती जरा उतरावी लागते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी त्या भिंतीपाशी उकिडवा बसून मोठा झालो होतो.

त्या दिवशी मी माझे पत्रे घेऊन शेवटी पोचलो. उमरठच्या जंगलातली लाकडं आत धडधडत होती. युसूफचाचाने मला बघितलं आणि म्हणाला, "तुमचं आधी टाकू, शेठ." बायकांनी आपले पत्रे बाजूला सरकवले. खालानेही सरकवला. मी एकदा "नको नको" म्हटलं, जेवढं म्हणायची रीत असते तेवढंच. मग पत्रे पुढे केले.

"भट्टी तापलीय अजून," चाचा हळूच म्हणाला.

"तिकडे अशाच गरम ओव्हनमध्ये टाकतात," मी म्हणालो.

चाचाने पत्रे आत सारले. पूर्वी त्याने माझ्या पाठीत धपाटा घालून मला ओळीत बसवलं असतं. मी मनगटावरच्या नव्या घड्याळात बघत उभा राहिलो. पत्रा बाहेर काढला, मामूल वरून पांढरेफटक. दुकानातली वेळ भरली नव्हती आणि वरून पांढरे म्हणजे करपत नाहीत, असं धरून पुन्हा आत सारले. रोजा होता, चाखून बघण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी बाहेर आले तेव्हा फुलांची नक्षी अशी काही उमटली होती की बायका वाकून वाकून बघायला लागल्या. मला काय सुख झालं म्हणून सांगू. अम्माने ते ईदपर्यंत कुणाला हात न लावू देता झाकून ठेवले.

ईदच्या सकाळी मी खजूर खाऊन नमाजला गेलो. परत येईपर्यंत अम्माने ताटं वाटून टाकली होती. खालाचा डबा तर तिने काठोकाठ भरून पाठवला होता. घरात दोन-चार मामूल उरले होते, त्यातला एक मी उचलला आणि दात लावला. कडू. उलटा करून बघितला तर बूड काळं ठिक्कर, तव्याच्या पाठीसारखं. आतला खजूर आटून चिंचोक्यासारखा झालेला. दुकानातल्या ओव्हनमध्ये आच वरून-खालून सारखी येते. भट्टीत ती फरशीतून येते, आणि मी वरचा पांढरा रंग बघत बसलो होतो. भट्टीच्या गावातला मुलगा, आणि भट्टीच विसरला.

"अम्मा, करपलेत गं हे," मी म्हणालो.

"नाय रे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "खरपूस झालेत."

मग ताटं परत यायला लागली. मशिदीपलीकडच्या विधवा बाईंनी ताटात अंडी ठेवून पाठवली. कुणी शीरखुर्मा, कुणी सोललेला नारळ. बाबांच्या गाडीचा क्लीनर वरंधचा मराठा, त्याच्या घरचं ताट नाचणीच्या पिठाने भरून आलं, वर गुळाचा खडा. आणि प्रत्येक ताटाबरोबर निरोप एकच, "मामूल फार छान झाले होते." लहान पोरंसुद्धा पढवल्यासारखी तेच म्हणत होती. मी दारात उभा राहून ती ताटं घेत होतो आणि माझी मान वर होत नव्हती.

मी खालाची वाट बघत होतो. फातमाखाला म्हणजे नवीन सुनेची खीर चाखून "खीर हाय का कांजी?" असं तिच्या सासरच्यांसमोर विचारणारी बाई. तिच्या जिभेला मोहल्ला टरकून असायचा. ती आली, मी उठून सलाम केला. म्हटलं, आता ही मला झाडणार, आणि झाडलं की मी मोकळा होईन. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "छान झालते हां मामूल. आमाला कुठं असलं खायला मिळतंय."

तेव्हा मला खरी लाज वाटली. करपवल्याची नव्हे, करपवतं कोण नाही. फातमाखालाला माझ्याशी खोटं बोलावं लागलं, याची.

सुट्टी संपली. स्टँडवर पुन्हा सगळे आले. खालाच्या हातात या वेळी बाजारातल्या मिठाईवाल्याकडचा पेढ्यांचा खोका होता, वर सोनेरी दोरी. पाहुण्याला देतात तसा. डबा कुठेय, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण काय तोंडाने विचारणार. पेढे मी मुंबईच्या विमानतळावर कुणालातरी देऊन टाकले.

नंतरच्या सुट्ट्यांना मी घरी गेलो, पण पीठ म्हणून हातात घेतलं नाही. दुकानात माझ्या हाताखाली चार जण आले, मी सुपरवायझर झालो, रमजानात माझ्या देखरेखीखाली मामूलची खोकीच्या खोकी भरून जायची. लोक नावाजायचे आणि मला प्रत्येक वेळी 'छान झालते हां' ऐकू यायचं. घरी तयार खोकी न्यायचो, रिबिनीची. अम्मा ती कपाटात ठेवायची. मीही पाहुण्यासारखा जायचो नि पाहुण्यासारखा यायचो, मग तक्रार तरी कुणाकडे करायची. तुम्हीही तसेच जात-येत असाल तर माझं म्हणणं तुम्हाला कळेल.

दोन हजार सालानंतरच्या एका रमजानात अम्मा फोनवर म्हणाली, "खालाला आता दिसत नाय नीट. तुझी आठवण काढते." मी सुट्टी टाकली. साचा बॅगेत घातला.

मोहल्ला बदलला होता, दारोदारी मोटारसायकली, गच्चीवर डिश. चाचाची भट्टी मात्र होती आणि भिंतीकडेला पत्रेही होते. मी पत्रा नेला. "तुमचं आधी," चाचाचा मुलगा म्हणाला. मी पत्रा ओळीच्या शेवटी ठेवला आणि उकिडवा बसलो. गुडघे दुखत होते, लोक बघत होते, मला हसू पण येत होतं नि घामही फुटला होता. भट्टी उतरेपर्यंत बसलो. माझी पाळी आली तेव्हा मामूलवर एकेक लवंग टोचली, नक्षीच्या मधोमध. शारजाच्या उस्तादाने बघितलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता.

ईदच्या सकाळी ताट मी स्वतः घेऊन गेलो. खाला ओट्यावर बसली होती. मी ताट पुढे केलं. तिने चाचपून एक मामूल उचलला, उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेऊन त्याचं बूड बघितलं. मग बुडावरून अंगठा फिरवला.

"बूड बरं हाय ह्या टायमाला," ती म्हणाली. एक तुकडा मोडून तोंडात घातला. "पण वेलचीला हात आखडलास. नि ही लवंग कशाला मधी?"

"आपल्या घरची खूण, खाला."

"गेल्या टायमाला कोळसा चारलास आमाला. डबाभर! माझा नातू रडला, म्हणाला दादी, कडू हाय. म्हटलं गिळ गप."

अम्मा आमच्या दारातून धावत आली. "काय बोलतेस गो, ईदचं!"

"मग बोललीस का नाही तेव्हा?" मी खालाला विचारलं.

"पावण्याला कोण बोलतंय?" खाला म्हणाली. "खुर्चीत बसलेलास, घड्याळ बांधून. ह्या खेपेला भट्टीवर ओळीत बसलास म्हणून ऐकलं, म्हणून बोलते. सल्या, गाढवा, भट्टी उतरल्याबिगर कोण पत्रा टाकतंय?"

भर ईदला, चार बायकांसमोर, चाळिशीला आलेल्या माणसाला गाढव म्हटलं. माझे कान लाल झाले आणि डोळ्यांना धार लागली. लाजेनेच लागली, पण ही लाज निराळी होती. ही लहानपणी भट्टीवर धपाटा खाल्ल्यावर वाटायची, ती. मी ओट्यावर तिच्या पायाशी बसलो. कुणी खुर्ची आणली नाही.

निघायच्या दिवशी तिला स्टँडवर येववलं नाही. तिच्या सुनेच्या हाती तिने एक पिशवी पाठवली. गाडी महाडच्या बाहेर पडल्यावर मी ती उघडली. आत तो जुना पत्र्याचा डबा होता, एका कोपऱ्यात चेपलेला, आणि त्यात चारोळीची नानखटाई. तिला दिसत नसल्याने चारोळ्या कडेला गेल्या होत्या. मी एक उचलली आणि आधी उलटी करून बघितली.

दुकानात आता प्रत्येक ट्रेमधला एक मामूल मी उलटा करून बघतो. हाताखालची पोरं हसतात, ओव्हन नवा आहे, करपायचा प्रश्नच येत नाही. शारजात माझा फ्लॅट आहे, फ्रीजमध्ये उत्तमातला उत्तम खजूर आहे. घर कुठे म्हणून कुणी विचारलं तर आजही उत्तर द्यायला मी चाचरतो, कारण इतकी वर्षं तिथे पाहुणा होऊन राहिलेल्या माणसाला ते म्हणायचा हक्क आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण नानखटाई केव्हाच संपली आहे आणि डबा स्वयंपाकघराच्या फळीवर रिकामा आहे. डबा खालाचा आहे.