आकारामनं आखूड रेघ लांब का म्हटली

वडूजच्या एका कॉलेजात आकाराम मानसशास्त्र विभागाचा शिपाई होता. घर मेंढपाळाचं; समोरच्या माळावरचं लंगडं मेंढरू तो अजून लांबून ओळखायचा.

एकदा रविराज सरांनी त्याला प्रयोगाला बसवलं. शेजारी सहा पोरं. फळ्यावर दोन रेघा. लांब कुठली ते एकेकानं सांगायचं, आकारामनं शेवटी. सहाही जणांनी आखूड रेघच लांब म्हटली. आकारामनं पोरांकडं पाहिलं, वही घेऊन उभ्या सरांकडं पाहिलं आणि तोही म्हणाला, "तीच लांब." असं पाच वेळा झालं. सरांनी पाच खुणा केल्या आणि त्याला चहा आणायला पिटाळलं. पोरांना सरांनीच पढवलं होतं, हे त्याला मागाहून कळलं.

पुढं सांगलीला चर्चासत्र भरलं. सामान घेऊन आकारामही गेला. पडद्यावर रेघांच्या प्रयोगावरून काढलेला सरांचा निष्कर्ष उमटला: 'कमी शिकलेल्या ग्रामीण माणसांत मेंढरांसारखी अनुकरणाची वृत्ती.'

दारापाशी उभा असलेला आकाराम तरातरा पुढं आला. "सर, ह्यो मीच न्हवं का?"

"आकाराम, नंतर बोलू."

"आत्ताच बोलू. माझं डोळं धड हायती. मला वाटलं, पोरांची परीक्षा चाललीया. मी शेवटी खरं बोललो असतो तर साही जणांची चूक उघडी पडून मार्क गेलं असतं. म्हणून खोटं बोललो. का बोललास, असं इचारलं का कुणी?"

अध्यक्ष संयोगिताबाई हळूच म्हणाल्या, "कारणांसाठी रकाना नसतो हो."

"मग पाडा की! आन मेंढरांचं म्हणाल, तर ती उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोस्कं घालून सावली घेत्यात. त्याला येडेपणा म्हणत न्हाईत."

वडूजला परतताना सरांनी त्याला गाडीत मागं सामानापाशी बसवलं. आकाराम बोटांवर मोजत होता: नोकरीची तीन वर्षं उरली होती.

पुढच्या वर्षी सरांनी तोच प्रयोग तसाच मांडला. बाहेर बाकावर बोलावलेली माणसं बसली होती. पाणी देता देता आकाराम प्रत्येकाला म्हणाला, "आतली पोरं पढवलेली हायती. दिसंल तेच बोला."

त्या दिवशी एकही जण चुकला नाही. माणसांना कुणी सांगितलं ते कळताच सर तणतणत प्राचार्यांकडं गेले. आकारामकडं लेखी खुलासा मागितला गेला. त्यानं एकच ओळ लिहिली: 'माणसांस फसवून त्यांचे मन कळत नाही.'

"भाषा जरा मऊ करा," प्राचार्य म्हणाले.

"न्हाई जमायचं," म्हणत त्यानं खाली ठसठशीत सही केली.