बी.एस्सी. झालेला माणूस इथी राह्यत नाई

दोन हजार सालानंतर सहा-सात वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मी तेव्हा चंद्रपूरला एका खाजगी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि बी.एस्सी. झालेला तर अख्ख्या गावात पहिला. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. लाजायचं काऊन?

गाव अहेरीच्या पुढे. बस डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून तीन किलोमीटर आत चालत जावं लागतं. बाबा धान करायचे आणि माय शिलाई करायची. तिची मशीन हाताने फिरवायची, काळी, फार जुनी. सागाचा एक ठेकेदार गाव सोडून गेला तेव्हा त्याच्या बायकोने ती मायला देऊन टाकली होती. गावातली झंपरं, पोलकी, पोरांच्या चड्ड्या, सगळं त्या एका मशीनवर.

त्या वर्षी आश्रमशाळेने मायला मोठं काम दिलं. सव्वीस जानेवारीला लेझीम करणाऱ्या पोरांचे सदरे आणि चड्ड्या. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, तेही हेडमास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. मायने सगळं कापड एकदमच बेतलं आणि कापलं. सात-आठ जोड शिवून झाले, आणि जाड खाकी शिवताना मशीनची शटल मोडली. शटल म्हणजे खालचा दोरा पोटात घेऊन पुढेमागे पळणारी ती होडीसारखी लोखंडी वस्तू. तिचं टोकच उडालं.

काम दुसऱ्याकडे द्यायची सोय नव्हती. दुसऱ्याने कापलेलं कापड शिंपी हाती घेत नाही; बिघडलं तर नाव कोणाचं, हा प्रश्न. गावात दुसरी मशीन नाही. कपडे वेळेवर झाले नसते तर पोरं जुन्याच कपड्यांत लेझीम खेळली असती, आणि मायकडे पुन्हा कोणी असं काम घेऊन आलं नसतं.

त्या रविवारी मी घरीच होतो; शटलचं चित्र काढून घेतलं आणि चंद्रपूरच्या गोलबाजारात मशीन दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ये तो नाव वाली शटल है बेटा. बीस साल से देखी नहीं. भंगार में मिली तो मिली."

भंगारातही नाही मिळाली. मग कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत बसलो. दोन दिवस शोधल्यावर मुंबईचा एक विकणारा सापडला, जुन्या मशिनींचे सुटे भाग इंटरनेटवर विकणारा. कॉलेजच्या एका सरांनी आपलं कार्ड वापरू दिलं. पत्ता भरताना मी नाव लिहिलं ते सनदेवरचं: माझं, बाबांचं, आडनाव, आणि शेवटी बी.एस्सी. पार्सलवर पदवी लिहायची गरज नसते हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

विकणाऱ्याने एक नंबर दिला. तो टाकला की पार्सल कुठपर्यंत आलं ते दिसायचं. मी रोज दुपारच्या सुट्टीत जाऊन पाहायचो. मुंबई. नागपूर. चंद्रपूर. माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर येऊन ते पुढे अहेरीला गेलं, तेव्हा हसू आलं. मी गावचाच पत्ता दिला होता, मायच्या हातात पडावं म्हणून. मग एका दुपारी पडद्यावर आलं: या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असं झालं की माल परत मुंबईला. सव्वीस तारखेला नऊ दिवस उरले होते.

गावात फोन फक्त किराणा दुकानात. मी लावला.

"भाऊ, मायले बोलवा ना जरा."

दुकानवाल्या भाऊंचा आवाज एकदम खाली गेला. "तू कुठून बोलून राह्यला?"

"चंद्रपुरातून."

"मंग तिथीच राह्य. इकडे येऊ नको."

"काऊन?"

"दोनदा येऊन गेला एक माणूस तुले पुसत. मोटारसायकलवर. हातात कागद. तुहं नाव, तुह्या बाबाचं नाव, आडनाव, सारं लिवलेलं. वरून मले म्हनते, बी.एस्सी. झालेला कोनता? म्या सांगतलं, बी.एस्सी. झालेला माणूस इथी राह्यतच नाई."

मी कपाळावर हात मारला. आमच्या भागात त्या दिवसांत असंच होतं. नवखा माणूस गाडीवर आला आणि कागद पाहून पूर्ण नावाने कोणाला विचारू लागला, की गावाचं उत्तर एकच. तो कोणी पाठवलेला, पोलिसांनी की जंगलातल्या लोकांनी, हे कोणी विचारत नसे. त्यातून शिकलेला पोरगा म्हणून कोणी विचारलं तर लोक जास्तच घाबरायचे. पोस्टमन असता तर काही अडलं नसतं. तो आमचा ओळखीचा, बाजारात भेटला तरी पत्र हातात द्यायचा. हा कुरिअरवाला बाहेरचा होता.

माय फोनवर आली. तिला धाप लागली होती.

"का केलं रे तू?"

"म्या काईच नाई केलं! तो पार्सलवाला आहे. तुही शटल घेऊन फिरून राह्यला."

ती म्हणाली, "मंग तसं सांगाचं ना त्यानं."

"सांगतलं नाई का?"

"सांगतलं. पार्सल आहे म्हने. म्या म्हटलं, असंच सांगत असतेत."

आदल्या रात्री ती झोपली नव्हती, हे मला पुढे बाबांनी सांगितलं.

मायला म्हटलं, उद्या बाजाराला अहेरीत ये, मीपण येतो. सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. कुरिअरचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल. माणूस तरणा होता, बल्लारपूरकडचा, तोंडावर धूळ. माझं नाव ऐकताच खुर्चीत मागे टेकला.

"तुम्ही? तुमच्या गावात तर तुम्ही नाहीच."

"आहो मी. हा समोर उभा आहो."

"दोनदा गेलो. बारा जणांना विचारलं. पाणी नाही पुसलं कोणी, वरून कुत्री सोडली. साहब, एवढ्या जणांनी सांगितलं, तर मी काय खोटं लिहू?"

मी कॉलेजचं ओळखपत्र काढलं. त्यावर पत्ता चंद्रपूरचा. "फोटो जुळते," तो म्हणाला, "पत्ता नाही जुळत. दुसऱ्याच्या हातात माल गेला तर माझी नोकरी. गावचा एक माणूस आणा, ओळखतो म्हणणारा. आज तिसरा दिवस, एक वाजताच्या गाडीने थैली परत जाणार आहे."

बाराला दहा कमी होते. माय अजून आली नव्हती. मी बाजारात पळालो. कोंबडबाजाराच्या कडेला आमच्या शेजारचे आबाजी कोंबडा काखेत धरून बसले होते. मला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून मार्कंड्याच्या जत्रेला नेलेलं. काही न सांगता त्यांना हाताला धरून आणलं. ती माझी चूक झाली.

कुरिअरवाल्याने कागद उचलला. "आजोबा, याला ओळखता?"

आबाजींनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"नाई जी. कधी पाह्यला नाई."

"आबाजी!"

"हा मले आत्ता रस्त्यात भेटला. मी तं कोंबडा इकाले आलो."

आणि माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच एक डोळा मिटला. घाबरू नको, मी आहे, असा.

कुरिअरवाल्याने पेन ठेवून दिला. मी आबाजींना बाहेर नेऊन सगळं समजावत होतो, तोच माय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरली. पदराच्या गाठीत मोडकी शटल बांधून आणली होती. मी तिला टेबलापुढे उभी केली.

"बाई, हा तुमचा मुलगा?"

मायने माझ्याकडे पाहिलं. "सांगू?"

"सांग ना माय!"

"हो जी. माहाच आहे."

"परवा तर म्हणाल्या, मला पोरगाच नाही."

"परवा तुमचा भरवसा नोहता," माय म्हणाली, आणि गाठ सोडून मोडकी शटल टेबलावर ठेवली. "पाहा, अशीच आहे का आत?"

त्याने पार्सल फोडायला कैची दिली. वर्तमानपत्राच्या सात घड्यांतून शटल निघाली. तेलकट, थोडी गंजलेली, पण टोक शाबूत. मायने दोन्ही एकमेकींना लावून पाहिल्या. कुरिअरवाला वाकून पाहत होता. हुबेहूब होत्या. तोच आधी हसला. "घ्या, करा सही," मला म्हणाला, "पूर्ण नावाने करा. बी.एस्सी.सकट." मी सही करेपर्यंत मायने पिशवीतली दोन केळी त्याच्या टेबलावर ठेवली होती. गावात पाणी विचारलं नाही याचं तिला वाईट वाटलं असावं.

घरी आल्यावर तिने जेवणही केलं नाही. शटल रॉकेलने धुतली, पुसली, दोरा भरला, आत सरकवली. पहिल्या चार टाक्यांत दोऱ्याचा गुंता झाला. मायने बारीक पेच पाव फेरा फिरवला, पुन्हा हात चालवला. मशीन टकटक चालू लागली. सरळ शिलाई. मी तिथेच भिंतीला टेकलो, आणि त्या आवाजात दिवसाढवळ्या झोपून गेलो.

पंचवीस तारखेला दुपारी शेवटचं काज-बटन झालं. सव्वीसला मी मुक्काम वाढवून शाळेत गेलो. माय कुंपणाजवळ बायांमध्ये उभी होती. ढोल वाजला, खाकी-पांढऱ्या कपड्यांतली पोरं गोलात आली. सगळे लेझीम पाहत होते, माय फक्त शिलाया पाहत होती. मग शिट्टी झाली आणि सगळी पोरं एकदम उकिडवी बसली. मायने पदराचं टोक दातात धरलं. दुसरी शिट्टी झाली. पोरं उठली, वळली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"एकाचीबी नाई उसवली," माय म्हणाली, आणि पदर सोडला.