गोधडीखालच्या बाळाला ताप

हे खरं म्हणजे मी घराबाहेर कोणाला सांगायचं नाही, असं ठरलंय. ताईने मला समोर उभं करून कबूल करून घेतलं. पण ती "कोणाला सांगू नकोस" म्हणाली होती, लिहिण्याबद्दल काही बोलली नव्हती. म्हणून लिहिते. तुम्ही वाचा आणि गप्प बसा.

आता कुठून सुरू करू? मी एक मोठा गाढवपणा केला. वर्गात हजेरीला जिचा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही म्हणून जिचं नाव दोनदा घ्यावं लागतं, ती मी. माझ्या हातून हे झालं.

आम्ही कर्जतला भिसेगावात राहतो. ताई लग्न होऊन कडावला गेली. तिचा अंशू अकरा महिन्यांचा आहे, दिसायला गोड आणि उचलायला गॅसच्या सिलिंडरसारखा. त्याला दिवसभर कडेवर घेऊन ताईची कंबर धरली होती. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. पण पोर न उचलता वाढवायचं कसं, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

बाबा म्हणाले, आपण बाबागाडी घेऊ. ताईच्या सासूबाईंना, त्यांना आम्ही कडावच्या काकू म्हणतो, हे पटलं नाही.

"आमची चार पोरं कडेवर वाढली. गाडीत घालायला पोर हाय का भाजी हाय?"

शेवटी तह झाला. रविवारी दोन्ही घरं मिळून खालापूरकडच्या मोठ्या पार्कात जाणार होतो. पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असतात ना, तसलं पार्क.

"एक दिस बघू," काकू म्हणाल्या. "पोर बसलं तर गाडी कडावला येईल. नाय बसलं तर दुकानात परत."

गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळं वहीत लिहून करते. मी तक्ता आखला. चाकं, ब्रेक, पट्टा, छत, घडी. गिरणीतून आलेलं दहा किलो पीठ साधारण अंशूच्या वजनाचं होतं. ती पिशवी घेऊन आई आणि मी दुकानात गेलो.

"बाळ कुठे आहे?" दुकानदाराने विचारलं.

"कडावला."

"मग हे काय?"

"पीठ," मी म्हणाले.

मी पिठाला पट्टा बांधला. तीन गाड्यांमधून त्याला फिरवलं, मध्येच करकचून ब्रेक लावला. निळ्या गाडीत पीठ तसूभरही हललं नाही.

"हीच घ्या," दुकानदार म्हणाला. "पिठाला आवडली."

एवढं सगळं केलं, पण अंशूला एकदाही बसवून पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल, हाच तो गाढवपणा. नाही हो. हा नुसता त्याचा पाया.

रविवारी पार्किंगमध्ये उतरलो. गाडी उघडली, अंशूला आत ठेवलं. तो पाटासारखा ताठ झाला. त्याचे गुडघे वाकेनात. रडला असा की पलीकडच्या रांगेतली माणसं बघायला आली. ताईने त्याला कडेवर घेतलं आणि दुसरा हात कंबरेवर ठेवला. काकूंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तेवढ्यात बाबांनी पाटी वाचली. बाहेरचं खाणं आत नेता येणार नव्हतं. आणि काकूंनी पहाटे उठून वीस तांदळाच्या भाकऱ्या आणि डबाभर सुकट करून आणली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिचा डबा घट्ट बंद केला तरी तो कुठे आहे ते सगळ्यांना कळतं.

"गाडी रिकामीच हाय ना," काकू म्हणाल्या.

झालं. भाकऱ्यांचं गाठोडं सीटवर, डबा त्याच्या पायाशी, वरून अंशूची गोधडी. आईने गाठोड्याच्या टोकाला अंशूचं टोपडंही घातलं. लांबून पाहिलं तर अगदी गाढ झोपलेलं बाळ.

"निकिता ढकलेल," आई म्हणाली. "ती बोलतच नाही. तिला कोण काय विचारणार?"

ताई खरं बाळ घेऊन दुसऱ्या रांगेने पुढे गेली. मी माझं बाळ घेऊन तपासणीपाशी आले. तिथे निळ्या गणवेशात एक मावशी होत्या.

"झोपलं काय गं?"

मी मान हलवली.

"किती म्हयन्याचं?"

"अकरा."

"आनि एवढ्या उन्हात तोंडावर गोधडी? काढ ती, जीव घुसमटेल त्याचा." त्यांनी हात पुढे केला.

इथे मी गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. ज्या दिवशी गप्प राहायला हवं होतं, नेमकी त्याच दिवशी मला वाचा फुटली.

"नको मावशी, त्याला ताप आहे."

मावशींचा हात थांबला. मला वाटलं, जमलं.

"ताप? आनि पान्याच्या पार्कात आनलंस पोराला?" त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "गेटवर तापाचं बाळ हाय, सिस्टरला पाठवा."

मग काय विचारता. मला सावलीत नेलं. एक मोठा पंखा माझ्या बाळाकडे वळवला. मावशींनी एक वही पुढे केली. "सिस्टर येस्तवर भरून ठेव."

लिहायला दिलं की मला थांबता येत नाही. नाव, वय, गाव, सगळं लिहिलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'सकाळपासून अंगात ताप, हालचाल नाही.' खाली पट्टीने रेघसुद्धा मारली.

पंख्याच्या वाऱ्याने वास रांगभर पसरला. रांगेतल्या एक आजी हळहळल्या, "पोट पण बिघडलंय गं लेकराचं."

सिस्टर धावतच आल्या. त्यांनी तापमापक टोपड्यावर धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अंग एकदम गार आहे." त्यांनी गोधडी ओढली.

सगळे गाडीत बघत राहिले.

"या भाकऱ्या आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात मागून काकू पुढे आल्या. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"पोरीला बोलू नका. भाकऱ्या माज्या, डबा माजा. तिनं निस्ती गाडी ढकलली."

मावशींनी काकूंकडे पाहिलं, मग पार्किंगपलीकडच्या झाडाकडे बोट दाखवलं. "तिथं बसून खावा, संपवा, मग या."

ताईलाही परत बोलावलं आणि सकाळी साडेनऊला आमच्या नऊ माणसांची पंगत बसली. आणि ऐका पुढे काय झालं. अंशू ताईच्या मांडीवरून उतरला, रांगत गाडीपाशी गेला आणि चाक धरून उभा राहिला. भाकऱ्या अजून गाडीतच होत्या ना. काकूंनी गाठोडं बाजूला केलं, त्याला आत ठेवलं आणि हातात भाकरीचा काठ दिला. गुडघे आपोआप वाकले. तो मागे रेलला, चघळत बसला, आणि मग संध्याकाळपर्यंत उतरायला तयार नव्हता. ताई कितीतरी दिवसांनी दोन्ही हात मोकळे सोडून चालत होती. एका पाळण्यातही बसली.

"बसलं गं पोर," काकू तिला म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे गाडी. आनि आता त्या वासाची गाडी परत घेनार कोन?"

इथेच संपलं असतं तर मी आज सुखात असते. पण संध्याकाळी बाहेर पडताना मावशींनी मला हाक मारली. हातात तीच वही होती.

"तपासनीत काय निघालं ते लिहायचं ऱ्हायलंय. सायेब मला विचारतील. अक्षर तुजं हाय, तूच पुरं कर."

मी लिहिलं, 'तपासले असता वीस भाकऱ्या आढळल्या. ताप नाही.' खाली सही केली. सहीच्या पुढे 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी लिहिलं, 'मावशी'.

काकूंनी त्या पानाचा फोटो काढून कडावच्या ग्रुपवर टाकला. तिथे ताईच्या सासरची चौतीस माणसं आहेत. दोन दिवस मी मोबाइलला हात लावला नाही. मग धीर करून पाहिलं. कोणीही रागावलं नव्हतं. सगळ्यांनी लिहिलं होतं, अक्षर सुंदर आहे. ताई कालच पुढे आली आहे, आणि परवा ते सगळे आमच्याकडे येणार आहेत, म्हणे भाकऱ्यांच्या मावशीला एकदा डोळ्यांनी बघायचंय. मी आईला सांगून ठेवलंय की मला त्या दिवशी

हो ताई, आले. काही नाही गं, शाळेचा निबंध आहे, विषय ना, माझा आवडता